स्टोव्हची पिन कोणी आणायची?

पटकथेत अशी एक ओळ आहे असं समजू: ‘रात्र. लालबागमधल्या चाळीतली खोली. नोव्हेंबर 1982. सुमन स्टोव्ह पेटवते.’ लेखकाला ती लिहायला अर्धं मिनिट लागलं असेल. पडद्यावरही ती मिनिटभरात संपेल. मधल्या काळात मात्र ही ओळ ज्यांच्या टेबलावर येते त्यांची झोप उडते. स्टोव्ह वातीचा की पंपाचा? पंपाचा असेल तर काकडा हवा, रॉकेलची बाटली हवी आणि पिनही हवी, कारण नोझलमध्ये काजळी अडकली की पिन मारल्याशिवाय तो धड पेटत नाही. स्टोव्ह जमिनीवर की ओट्यावर? मागची भिंत किती काळवंडलेली? गिरण्यांचा संप 18 जानेवारीला सुरू झालाय, म्हणजे घरात दहा महिने पगार नाही. मग मांडणीवरची पितळेची भांडी अजून जागेवर आहेत की सावकाराकडे गेली?

दिग्दर्शक, कॅमेरामन आणि नटी यांच्यापैकी कुणीही ही उत्तरं शोधत बसत नाही. ते काम कला विभागाचं, सेटवरच्या भाषेत ‘आर्ट’चं. प्रेक्षकाला या विभागाची ओळख श्रेयनामावलीतल्या ‘कला दिग्दर्शन’ या एका ओळीपुरतीच असते. तिच्यामागे मध्यम आकाराच्या चित्रपटातही वीस-पंचवीस माणसं असू शकतात, आणि भव्य ऐतिहासिकपटात शेकड्यांनी. ही सगळी मंडळी मिळून एकच काम करतात असा समज आहे. वास्तविक प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो, आणि तो त्यानं सोडवला नाही तर दुसरं कुणी सोडवत नाही.

सगळ्यात वर प्रॉडक्शन डिझायनर. याचा प्रश्न खोलीचा नसतो, अख्ख्या चित्रपटाचा असतो. सुमनचं घर, गिरणीचं फाटक, युनियनचं ऑफिस, मालकाचा मलबार हिलवरचा बंगला ही सगळी ठिकाणं एकाच गोष्टीतली वाटली पाहिजेत आणि तरी एकमेकांपासून तुटलेली दिसली पाहिजेत. संप लांबत जाईल तसे रंग कसे बदलतील, काय बांधायचं आणि काय खरं वापरायचं, हे तो ठरवतो. लालबागमध्ये जुन्या चाळी अजून आहेत, तिथेच जाऊन शूटिंग का नको, असा प्रश्न निर्माता पहिल्या बैठकीतच विचारतो. पण दहा बाय बाराच्या खोलीत कॅमेरा, दिवे आणि दहा माणसं घुसवली की नटीला हलायला जागा उरत नाही. बाहेर गॅलरीत ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि एसीचे डबे लटकलेले. मग मधला मार्ग निघतो: गॅलरी आणि जिना खऱ्या चाळीतला, खोली स्टुडिओत. सुमन खऱ्या गॅलरीतून दार ढकलते आणि स्टुडिओतल्या खोलीत शिरते. हा सांधा प्रेक्षकाला कळू न देणं ही डिझायनरची परीक्षा.

हे पद या नावानं आलं ते ‘गॉन विथ द विंड’ (1939) या चित्रपटापासून. निर्माता डेव्हिड सेल्झनिकनं विल्यम कॅमेरॉन मेंझीस याच्याकडे चित्रपटाचं सगळं दृश्यरूप सोपवलं आणि त्याच्या कामाला हे नवं बिरुद दिलं. त्याच चित्रपटाचा कला दिग्दर्शक होता लाइल व्हीलर, आणि त्या विभागाचं ऑस्कर मिळालं व्हीलरला. मेंझीसला रंगाच्या वापरासाठी वेगळा सन्मान दिला गेला. म्हणजे पहिल्याच चित्रपटात दोन कामं, दोन माणसं आणि दोन सन्मान. अकादमीनं पुरस्काराचं नाव बदलून ‘प्रॉडक्शन डिझाइन’ केलं ते थेट 2012 मध्ये.

आपल्याकडे बिरुद उशिरा आलं, काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे. पडदे रंगवता रंगवताच त्यांना सिनेमाचा नाद लागला, कॅमेरा स्वतः तयार करण्यापर्यंत तो गेला. आनंदराव 1916 मध्ये वारले, पण बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. रंगवलेल्या सपाट पडद्यापुढे नट उभे करण्याऐवजी खरी खोली असलेले सेट उभारणाऱ्यांत ते अग्रणी होते. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले साहेबमामा फत्तेलाल पुढे ‘प्रभात’चे एक मालक झाले आणि कला दिग्दर्शकही. ‘संत तुकाराम’ (1936) तर दामले-फत्तेलाल या जोडीनंच दिग्दर्शित केला. विभागप्रमुखच मालक आणि मालकच दिग्दर्शक असेल तर ‘एवढा खर्च कशाला’ हा वाद एकाच माणसाच्या डोक्यात मिटतो. ही चैन नंतर फारशी कुणाच्या वाट्याला आली नाही.

कॅमेरामनशी मात्र कुणालाच एका डोक्यात वाद मिटवता येत नाही. ‘अपराजितो’साठी (1956) कला दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी बनारसच्या घराचं अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत बांधलं. कॅमेरामन सुब्रत मित्र यांचं म्हणणं असं, की अशा अंगणात उजेड आकाशातून सगळीकडून झिरपत येतो, सावली पडत नाही. स्टुडिओच्या दिव्यांनी ते साधणार नाही. शेवटी सुब्रत मित्र यांनीच तोड काढली. अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा झोत थेट नटांवर न टाकता त्या कापडावर मारून खाली परतवला. आज ‘बाउन्स’ हा शब्द प्रत्येक सेटवर दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो. त्या वेळी ती एका सेटनं निर्माण केलेली अडचण होती. ‘मुघल-ए-आझम’च्या (1960) शीशमहालातही तेच झालं. कला दिग्दर्शक एम. के. सय्यद यांनी बेल्जियमच्या काचा जडवलेला महाल उभा केला, आणि हजारो काचांतून दिव्यांचे झोत उलटून कॅमेऱ्यात शिरू लागले. कॅमेरामन आर. डी. माथुर यांना तिथे प्रकाश परतवूनच वापरावा लागला. सेट सुंदर असून भागत नाही. त्यावर उजेड कुठून पडणार हे कागदावरच ठरलेलं असेल तर अशी तारांबळ टळते, आणि म्हणून डिझायनर आणि कॅमेरामन यांची पहिली बैठक रेकीच्याही, म्हणजे जागा पाहायला जाण्याच्याही, आधी झालेली बरी.

डिझायनरनं काय दिसावं ते ठरवलं की कला दिग्दर्शक ते कसं, कितीत आणि कधीपर्यंत होईल ते बघतो. मोठ्या हिंदी चित्रपटात ही दोन वेगळी माणसं असतात. बहुतेक मराठी चित्रपटांत एकच. कला दिग्दर्शकाच्या खिशात कुंचला नसतो, कॅल्क्युलेटर असतो. प्लाय किती लागेल, फ्लोअर कोणत्या तारखेला मिळतो, रंग वाळायला किती वेळ, मालकाच्या बंगल्याचा खांब मोडून युनियन ऑफिसच्या सेटमध्ये वापरता येईल का, असल्या हिशेबात त्याचा दिवस जातो. त्याचे सहायक पटकथेचं ब्रेकडाउन करतात, म्हणजे प्रत्येक प्रसंगातून लागणारी वस्तू न् वस्तू काढून यादी करतात. रेकीला जाऊन दाराची उंची, पायऱ्यांची रुंदी, खिडकीची दिशा मोजून आणतात आणि आराखडे काढतात. आपल्या खोलीचा आराखडा खऱ्या खोलीपेक्षा थोडा ऐसपैस असतो आणि एक भिंत निघणारी असते, म्हणजे कॅमेरा मागे सरकू शकतो. छत बहुधा नसतंच, तिथून दिवे येतात.

मग सेटिंगवाले येतात. सुतार लाकडी चौकटीवर प्लाय ठोकून फ्लॅट तयार करतात, ते एकमेकांना जोडून मागून टेकू देतात, आणि तीन-चार रात्रींत भिंती उभ्या राहतात. मोल्डर जिन्याचा ओतीव लोखंडी कठडा फायबरमध्ये किंवा प्लास्टरमध्ये काढून देतो, टेपेस्ट्रीवाला पडदे, गाद्या, खुर्च्यांची कव्हरं बघतो. या कारागिरांची स्वतःची युनियन आहे, शिफ्ट ठरलेल्या आहेत, आणि भिंत कशी टिकेल यावर त्यांचं मत डिझायनरपेक्षा पक्कं असतं. ते ऐकून न घेणारा नवशिका सहायक पहिल्याच आठवड्यात तोंडावर आपटतो.

या सगळ्यांत मला सर्वांत कुतूहल वाटतं ते पेंटरचं. ताजा रंग लावलेली भिंत दिसायला सेट दिसते, घर दिसत नाही. आपल्या खोलीला खाली कमरेइतक्या उंचीचा ऑइलपेंटचा पट्टा, वर डिस्टेंपर. पेंटर आधी ते नीट रंगवतो आणि मग स्वतःच्याच कामाची नासधूस करायला बसतो. स्टोव्हच्या वर काजळीचा डाग चढवतो. तो खाली गडद आणि वर जाताना फिका, आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूला किंचित कललेला, कारण वारा तिथून येतो. बटणांच्या पट्टीभोवती बोटांचा मळ. भिंतीला पाठ टेकून बसण्याच्या जागी डोक्याच्या तेलाचा डाग, पण तो कुठल्या उंचीवर? सुमनचा सासरा दिवसभर त्या कोपऱ्यात बसतो असं पटकथेत आहे, तर त्याच्या भूमिकेसाठी घेतलेला नट बसल्यावर जिथे डोकं टेकेल तिथे. मोरीच्या भिंतीला ओल, तीही खालून वर चढत आलेली. कॅलेंडरच्या आजूबाजूला फिकट चौकोन, कारण आधीच्या वर्षीचं कॅलेंडर थोडं मोठं होतं. एवढं सगळं झाल्यावर कॅमेरा कदाचित त्या भिंतीकडे वळणारच नाही. पेंटरला हे ठाऊक असतं, तरी तो काजळीचा कल चुकवत नाही.

भिंती झाल्या की खोली सेट डेकोरेटरच्या ताब्यात जाते, आणि माझ्या मते खोलीत माणूस राहायला येतो तो इथे. 1982 ची दिवाळी नोव्हेंबरच्या मध्याला होती. संपकरी घरात आकाशकंदील लागेल का? न लावणं एक गोष्ट सांगतं. नवा लावणं दुसरीच, कदाचित खोटी. गेल्या वर्षीचा, एका बाजूनं फाटलेला आणि वेगळ्या रंगाचा कागद चिकटवून सांधलेला कंदील लावला तर सुमन कोण आहे ते संवादाशिवाय कळतं. मांडणीवर भांड्यांची रांग लावून मधल्या दोन जागा रिकाम्या ठेवायच्या, म्हणजे हंडा-कळशी कुठे गेली ते सांगावं लागत नाही. असले निर्णय डेकोरेटर घेतो. वस्तू आणतो बायर, चोरबाजारातून, भंगारवाल्यांकडून, प्रॉपर्टी भाड्यानं देणाऱ्या गोडाऊनमधून, आणि निम्म्या वेळा कुणाच्या तरी गावच्या माळ्यावरून. ऑस्करमध्ये प्रॉडक्शन डिझाइनचा पुरस्कार प्रॉडक्शन डिझायनर आणि सेट डेकोरेटर या दोघांना मिळून दिला जातो. ‘गांधी’साठी स्टुअर्ट क्रेग आणि बॉब लेंग यांच्या जोडीला सेट डेकोरेटर मायकेल सायर्टन यांचंही नाव होतं. आपल्याकडे डेकोरेटर अजून ‘सहायक’ या गठ्ठ्यात मोडतो. हे मला बरोबर वाटत नाही.

त्याच ‘गांधी’च्या कला दिग्दर्शकांत राम येडेकर होते. ‘शोले’चं रामगड कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत त्यांनीच वसवलं. आणि ‘गांधी’साठीच ऑस्कर मिळवणाऱ्या भानू अथय्या कोल्हापूरच्या, पण त्यांचं काम वेशभूषेचं, म्हणजे वेगळ्या विभागाचं. या विभागांच्या सीमेवर रोज तंटे होतात. पात्राच्या बोटातली अंगठी वेशभूषेची, पण ती सावकाराच्या टेबलावर ठेवली की कुणाची? टेबलावरचा दिवा आर्टनं आणायचा, त्यातला बल्ब केवढा हे कॅमेरामन सांगणार, वायर जोडणार लाइटवाले. छत्री पावसात उघडली तर प्रॉपर्टी, कोपऱ्यात उभी असली तर सजावट.

स्टोव्ह मात्र निर्विवाद प्रॉपर्टी मास्टरचा. प्रॉपर्टीचे लोक वस्तू दोन भागांत बघतात: नुसत्या दिसणाऱ्या आणि नटाच्या हातात जाणाऱ्या. मांडणीवरचा डबा दिसणारा, तो रिकामा असला तरी चालतो. सुमननं उघडला तर त्यात पीठ हवं, आणि किती हवं तेही संपाच्या कितव्या महिन्यावर अवलंबून. हातात जाणाऱ्या वस्तूची जोडी ठेवावीच लागते, कारण टेकच्या मधोमध पंपाचा वायसर गेला तर शंभर माणसं खोळंबतात. आगीचा प्रसंग म्हणून वाळूची बादली जवळ. त्यात पंपाचा स्टोव्ह पेटला की असा घरघरतो की साउंड रेकॉर्डिस्ट हेडफोन काढून ठेवतो. मग लांबच्या शॉटमध्ये तो खरा पेटवायचा, संवादाच्या क्लोजअपमध्ये बंद ठेवायचा आणि आवाज नंतर भरायचा, अशी तडजोड होते. नटीनं आयुष्यात स्टोव्ह पाहिलेला नसतो. पंप किती मारायचा, काकडा कधी काढायचा, पिन कशी धरायची, हे तिला प्रॉपर्टीवालाच शिकवतो.

कागदावरची प्रत्येक गोष्ट ग्राफिक डिझायनरची: रेशनकार्ड, गिरणीचं ओळखपत्र, मोर्च्याचा फलक, सावकाराची पावती. या कामात हसं व्हायला वेळ लागत नाही. भिंतीवर ‘कालनिर्णय’ लावायचं तर 1982 ला चालेल, कारण ते 1973 पासून निघतं. गोष्ट 1970 ची असती तर नाही. गावाहून आलेल्या पत्रावर पिनकोड चालेल, तो 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. दुकानाच्या पाटीवर ₹ हे चिन्ह चालणार नाही, ते 2010 चं. रस्त्यावरच्या टॅक्सीच्या पाटीवर ‘एमएच’ही नको. शेजाऱ्यांकडे टीव्ही दाखवायचा तर कृष्णधवल. दूरदर्शनचं राष्ट्रीय रंगीत प्रक्षेपण त्याच वर्षी 15 ऑगस्टला सुरू झालं खरं, पण नोव्हेंबरपर्यंत संपाच्या चाळीत रंगीत संच कुठून येणार? आणि कॅलेंडरवर 1 नोव्हेंबर सोमवारीच यायला हवा. प्रेक्षकांत एक तरी माणूस असा असतोच जो हे तपासतो, आणि तो गप्प बसत नाही.

एवढं सगळं होऊन शूटिंग सुरू झालं की डिझायनर पुढच्या सेटकडे पळालेला असतो आणि खोलीत उरतो स्टँडबाय. कला विभागाचा हा माणूस दिवसभर मॉनिटरच्या आसपास असतो, हातात फोन आणि कमरेला टेपचा रोल. प्रत्येक शॉटनंतर तो खोलीचा फोटो काढतो. चहाचा पेला कुठे होता, कितपत भरला होता, दाराची कडी वर होती की खाली. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून ठेवलेला असतो आणि काटे तोच फिरवतो, नाहीतर एकाच संवादात साडेआठाचे पाच व्हायचे. कॅमेऱ्यासाठी मांडणी फूटभर सरकवली तर फ्रेममध्ये ती सरकलेली वाटू नये म्हणून वरची भांडीही फिरवावी लागतात. कॅमेरामन ‘तो डबा चमकतोय’ म्हणाला की पळत जाऊन डब्यावर पावडरीचा हात फिरवायचा. पगार बेताचा, शिव्या भरपूर, आणि चूक झाली तर ती मोठ्या पडद्यावर कायमची.

कमी पैशांच्या मराठी चित्रपटात ही सगळी पदं तीन-चार माणसांत वाटली जातात. कला दिग्दर्शकच डेकोरेटर, त्याचा एक सहायक बायर आणि ग्राफिकवाला, दुसरा प्रॉपर्टी आणि स्टँडबाय. पदं कमी झाली म्हणून प्रश्न कमी होत नाहीत. अशा वेळी पहिला बळी जातो तो डेकोरेटरच्या विचाराचा: भाड्यानं जे मिळालं ते लागतं आणि सगळ्या चित्रपटांतली चाळ एकाच घरासारखी दिसू लागते. भव्य सेट लगेच डोळ्यांत भरतो, साध्या खोलीचं कौतुक क्वचित होतं. थोटा तरणी यांनी ‘नायकन’साठी (1987) चेन्नईच्या स्टुडिओत धारावी उभी केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हा सुखद अपवाद.

या धंद्यात शिरायच्या वाटा दोन. पुण्यात प्रभातच्याच जागेवर असलेल्या एफटीआयआयमध्ये कला दिग्दर्शन आणि प्रॉडक्शन डिझाइनचा अभ्यासक्रम आहे, जे. जे. किंवा आर्किटेक्चर करून येणारेही बरेच. दुसरी वाट कुणाच्या तरी हाताखाली राबण्याची. नितीन चंद्रकांत देसाई ‘तमस’ या मालिकेच्या वेळी नितीश रॉय यांच्या हाताखाली होते. पुढे ‘लगान’चं चंपानेर आणि ‘देवदास’च्या हवेल्या त्यांनी उभ्या केल्या, कर्जतला स्वतःचा स्टुडिओ काढला. कोणत्याही वाटेनं आलात तरी सुरुवातीला हातात आराखडा येत नाही, यादी येते, आणि तिच्यात ‘स्टोव्हची पिन, 6 नग’ असं काहीतरी लिहिलेलं असतं.

पॅकअप झालं की कलाकार निघून जातात, आर्टचे लोक मात्र आणखी दोन-तीन दिवस तिथेच. सेटिंगवाले फ्लॅट उतरवून चांगला प्लाय वेगळा काढतात, खिळे उपटतात. भाड्याच्या वस्तू यादीशी ताडून परत करायच्या असतात, आणि प्रत्येक सेटवर चार-पाच वस्तूंचा पत्ता लागत नाही. फुटलेल्या कपबशीचे, हरवलेल्या अडकित्त्याचे पैसे गोडाऊनवाला अनामत रकमेतून कापतो, तेही प्राचीन वस्तूच्या भावानं. त्याच्याशी घासाघीस करायला सगळ्यात धाकट्या सहायकाला पाठवायची रीत आहे.